कोरगुटाला जनुक संपादन हवे का? खाजनातल्या भातासाठी बियाण्यापासून प्रयोगशाळेपर्यंतची वाट

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक संपादनातून तयार झालेले देशातले पहिले दोन भातवाण जाहीर केले. एक हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा ‘डीआरआर धान १००’, म्हणजेच कमला. दुसरा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा डीएसटी राइस १’. हा दुसरा क्षार सोसतो म्हटल्यावर गोव्यात दिवाडी-चोडणच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट जमिनीत, कोरगुट हा पिढीजात भात लावणाऱ्यांचे कान टवकारले तर नवल नाही. आमच्याकडे कधी मिळणार?

लगेच नाही. ज्या राज्यांसाठी हे वाण जाहीर झाले त्यांत महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ आहेत, गोवा नाही. शिवाय पुसा डीएसटी ज्याच्यावरून केला तो एमटीयू १०१० हा आंध्रातला, लांब बारीक पांढऱ्या दाण्याचा वाण. उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या घरात तो कितपत रुळेल, हा वेगळाच प्रश्न.

पण तोवर हात बांधून बसायचेही कारण नाही. जनुक संपादन, म्हणजे पिकाच्या डीएनएत नेमक्या जागी केलेला बदल, ही लांबलचक कामातली शेवटची कडी आहे. त्याआधीचे बहुतेक काम शेतावरच होते आणि ते गावातला गट, कोमुनिदाद (गावची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था), कृषी महाविद्यालयातली मुले करू शकतात. ते झाले नसेल तर प्रयोगशाळेकडे मागायचे काय, हेच कळत नाही. पुढचा क्रम त्या हिशेबाने लावला आहे.

१. आधी बांध आणि मानस

मांडवी-झुवारीच्या काठची खाजने, सुमारे १८,००० हेक्टर, बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारे) यांच्या जिवावर उभी आहेत. भरतीला मानशीचे दार आपोआप मिटावे, ओहोटीला आतले पाणी बाहेर जावे. दाराच्या फळ्या कुजल्या असतील, बांधाला खेकड्यांनी भोके पाडली असतील आणि ऐन पोटरीत खारे पाणी शेतात शिरत असेल, तर जगातले कुठलेही जनुक ते पीक वाचवणार नाही. क्षारसहनशील वाण म्हणजे मिठात थोडा जास्त तग धरणारा वाण, खाडीत वाढणारा नव्हे. म्हणून पहिला खर्च बांधावर. बियाण्याच्या चर्चेत हा मुद्दा कंटाळवाणा वाटतो आणि नेमका तोच वगळला जातो.

बांध धड असूनही पीक मार खात असेल, तर कारण वेगळे काढायचे. मीठ, पुराचे पाणी तुंबणे, रानभात आणि तण, की लावणीला माणूसच न मिळणे? या चारही तक्रारींना गावात ‘पीक येईना’ असेच म्हणतात. उपाय मात्र प्रत्येकीचा निराळा. शेवटच्या तक्रारीवर तर जैवतंत्रज्ञानाकडे काहीच नाही.

२. मीठ मोजा, अंदाज नको

पाण्यात मीठ जितके जास्त तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त. ती मोजणारे हातात मावणारे मीटर आता सहज मिळतात. गटाने मिळून एक घ्यावे. पावसाआधी एकदा, पाऊस लागून तीन-चार आठवडे झाल्यावर एकदा आणि पीक फुलोऱ्यात येताना एकदा, असे तीनदा मोजायचे. भात मिठाला सर्वांत जास्त घाबरतो तो रोपावस्थेत आणि पोटरी-फुलोऱ्यात. मधल्या फुटव्यांच्या काळात बराच सोसतो. त्यामुळे ‘वर्षाची सरासरी’ काढून उपयोग नाही.

एका कुणग्यातून (शेताच्या तुकड्यातून) नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, चाळा. एक भाग माती आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर बाटलीत घालून अर्धा तास अधूनमधून हलवा, गाळ बसू द्या आणि वरच्या पाण्यात मीटर बुडवा. शेतात पाणी उभे असेल तर तेही थेट मोजा. प्रत्येक आकड्यापुढे तारीख, कुणगा आणि भरती-ओहोटीची वेळ लिहा.

इथे एक गल्लत नेहमी होते. भाताचे उत्पादन ३ डेसिसिमेन्स प्रति मीटर (हे वाहकतेचे एकक) याच्या पुढे घटू लागते, आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण १२ टक्क्यांनी, हा पुस्तकातला आकडा पाण्याने पूर्ण भिजवलेल्या (संपृक्त) मातीच्या अर्कासाठी आहे. एकास दोन पद्धतीचा आकडा त्याहून बराच कमी येतो. तुमच्या मीटरवर २ दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. दोन-तीन नमुने कृषी खात्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत देऊन आपल्या आकड्यांशी ताडून घ्या, म्हणजे पुढची वर्षे घरच्या मीटरवर काढता येतील.

३. प्रत्येक पिकाला जनुकच लागते असे नाही

जनुक संपादन म्हटले की सगळीच पिके रांगेत उभी करायचा मोह होतो. आगशीच्या वांग्याला जिवाणूजन्य मर लागते. रानवांग्याच्या खुंटावर कलम केले की ती बऱ्याच अंशी टळते, आणि वांग्याची चव-आकार तसाच राहतो. भिरंडीची (कोकमाची) अर्धीअधिक झाडे नर निघतात म्हणून ओरड. फळणाऱ्या झाडाचे मृदुकाष्ठ (कोवळ्या फांदीचे) कलम लावले की प्रश्न मिटतो. काजूतही चांगल्या झाडाचे कलम हेच अजून सर्वांत खात्रीचे साधन आहे. जे झाड फळायला वर्षे घेते आणि ज्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत पूर्ण रोप उभे करणे अवघड असते, तिथे संपादनाचा पैसा आणि वेळ दोन्ही अडकून पडतात.

मयड्याच्या केळ्यांसाठी ऊतिसंवर्धन, म्हणजे कोंबापासून प्रयोगशाळेत रोपे वाढवणे, मात्र खरोखर उपयोगाचे आहे. मुनव्यांतून बंची टॉप या रोगाचा विषाणू एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. निरोगी, उत्तम घड देणारे मातृझाड निवडून, त्याची विषाणू चाचणी करूनच कोंब प्रयोगशाळेत द्यायचा. चाचणी न करता दिलात तर हजार रोपांतून तोच रोग वाटला जाईल. रोपे घेताना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणन योजनेतले प्रमाणपत्र मागा. एकाच कोंबापासून फार वेळा पिढ्या काढल्या की विचित्र पानांची, खुजी रोपे निघू लागतात, तेव्हा कितव्या पिढीचे आहे हेही विचारा.

मिठासाठी भात, आणि भातात कोरगुट, हीच गोव्यात संपादनाचा विचार करण्याजोगी जागा असे माझे मत आहे. पुढचा सगळा मजकूर त्याबद्दल.

४. कोरगुट आधी शुद्ध करा

कोरगुट नावाने गावोगाव जे पेरले जाते ते एकच बियाणे नाही. तांबडा दाणा, कुसळे, उंच ताट ही खूण सगळीकडे असली तरी आत भेसळ असते. जुने गोवे येथील एला गावच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ दिले. म्हणजे नुसत्या निवडीने किती पल्ला गाठता येतो हे आपल्याच मातीत सिद्ध झालेले आहे. प्रयोगशाळेत जायच्या आधी ही पायरी सोडू नये.

पीक पिकल्यावर सर्वांत खाऱ्या कुणग्यात शिरा. बांधाकडेची झाडे टाळा, त्यांना जागा आणि खत जास्त मिळते. जिथे आजूबाजूचे करपले आणि एक झाड भरले आहे, तिथली लोंबी घ्या. शंभरेक लोंब्या वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत ठेवा. पुढच्या सरद (पावसाळी) हंगामात प्रत्येक लोंबीची एक स्वतंत्र ओळ लावा. भात स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे चांगल्या ओळीतली झाडे एकमेकांसारखी येतात. ज्या ओळीत उंची, फुलोरा, दाण्याचा रंग वेगवेगळा दिसेल ती अख्खी बाद. दुसऱ्या वाणापासून किमान ३ मीटर अंतर ठेवा. दोन-तीन हंगामांत तुमच्याकडे दोन-चार स्थिर ओळी उरतील. या ओळींना नंबर द्या, कोणाच्या कुणग्यातून आल्या ते लिहा.

पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकायचे, तरंगलेले पोचट काढायचे, बुडालेले गोड्या पाण्यात दोनदा धुऊन वाळवायचे. साठवताना ओलावा १३ टक्क्यांच्या वर नको.

विद्यार्थ्यांना रोपावस्थेची चाचणी वर्गातच घेता येईल. थर्माकोलच्या पाट्यांना जाळी लावून अन्नद्रव्यांच्या द्रावणावर रोपे तरंगती ठेवायची. आधी लिटरला सुमारे ३ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण ६ डेसिसिमेन्स; तीन दिवसांनी ते दुप्पट करायचे. शेजारी संवेदनशील म्हणून आयआर २९ हा वाण आणि सहनशील म्हणून पोक्कळी किंवा एफएल ४७८ हे वाण हवेच, कारण तुलनेशिवाय ‘माझे रोप जगले’ याला अर्थ नाही. द्रावणाची वाहकता रोज मीटरने तपासा. पाणी उडाले की मीठ आपोआप वाढते.

५. संपादनाच्या अलीकडचा थांबा: मार्कर

केरळच्या पोक्कळी भातात पहिल्या गुणसूत्रावर ‘सॉल्टॉल’ नावाचा भाग आहे, जो रोपाच्या हिरव्या भागात सोडियम साचू देत नाही. असा भाग नेहमीच्या संकराने दुसऱ्या वाणात आणता येतो. प्रत्येक पिढीत रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन डीएनए मार्करने (त्या भागाची डीएनएतली खूण पाहून) तो भाग आला का एवढे पाहायचे आणि पुन्हा मूळ वाणाशी संकर करायचा. तीन-चार वेळा असे केले की मूळ वाण जवळजवळ जसाच्या तसा, फक्त हवा तो भाग नवा. पुरात बुडून सुमारे दोन आठवडे तगणारा ‘स्वर्णा सब-१’ याच पद्धतीने आला आणि २००९ पासून भारतात आहे. यात कायद्याची कटकट नाही, पेटंटची नाही. ज्योतीसारख्या गोव्यात रुळलेल्या वाणात क्षार सोसण्याची ताकद हवी असेल तर मी आधी हेच मागेन.

६. मग संपादन कशासाठी?

आता प्रश्न उलटा करून पाहा. कोरगुटाला मीठ सोसते, ते वेगळे द्यायला नको. त्याचे दुखणे दुसरे: ताट उंच, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वाऱ्यापावसात आडवे होते, खत दिले तर आणखी आडवे, आणि उत्पादन कमी. म्हणजे मागायचे ते क्षारसहनशीलतेचे जनुक नव्हे, बुटकेपणा.

आणि तो नेमका एका जनुकाचा खेळ आहे. भाताचे ‘एसडी१’ जनुक जिबरेलिन हे उंची वाढवणारे संप्रेरक बनवायला मदत करते. ते बिघडले की ताट आखूड आणि ताठ होते. १९६६ साली फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने दिलेल्या आयआर ८ मध्ये हेच बिघडलेले जनुक होते. त्यातला डीएनएच्या ३८३ अक्षरांचा तुकडा निसर्गतःच गळला होता. जया आणि ज्योती या वाणांच्या बुटकेपणाचा वारसाही तोच. आपण अर्धशतक ते जनुक जेवतो आहोत. संकराने कोरगुटात ते आणायचे तर सोबत दुसऱ्या वाणाचा बराच पसारा येतो आणि तो काढण्यात वर्षे जातात. संपादनाने तेवढी एकच जागा बदलता येईल, बाकीचा कोरगुट कोरगुटच राहील. जिथे एखादे जनुक बंद किंवा मंद केल्याने काम होते, तिथे क्रिस्पर या संपादन तंत्राचा हात सर्वांत सरावाचा.

पण थांबा. खाजनात पावसाळ्यात गुडघाभर पाणी उभे राहते. कोरगुट उंच आहे म्हणूनच त्यात डोके वर काढून राहतो. त्याला जयाएवढा बुटका केला तर मिठातून वाचलेला भात पाण्यात मरेल. म्हणून मागणी नेमकी हवी: उंची अर्ध्यावर नको, वीतभर कमी करा. एसडी१ पूर्ण बंद न करता थोडे मंद करणारे सौम्य बदलही भातात आढळलेले आहेत. किती उंची चालेल हे प्रयोगशाळेला माहीत नसते; तुमच्या कुणग्यात जुलै ते सप्टेंबर किती पाणी उभे राहते याची नोंदवही सांगते. मानशीजवळच्या कुणग्यात आणि डोंगरबाजूच्या कुणग्यात ते उत्तर वेगळे येईल.

७. प्रयोगशाळेत काय होते

क्रिस्पर-कॅस९ हे तंत्र २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी मांडले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. कॅस९ हे डीएनए कापणारे प्रथिन, आणि त्याला कुठे कापायचे ते सांगणारा सुमारे २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए. कापलेल्या जागी पेशी घाईने सांधा जोडते आणि त्यात एक-दोन अक्षरे गळतात किंवा वाढतात. बदल होतो तो एवढाच.

कामाचा क्रम असा. आधी तुमच्या कोरगुट ओळीचे एसडी१ वाचून घ्यायचे, कारण प्रकाशित क्रम दुसऱ्या वाणाचा असतो आणि एका अक्षराच्या फरकाने मार्गदर्शक चुकतो. मग दोन-तीन मार्गदर्शक निवडायचे, तसाच क्रम जनुकसंचात दुसरीकडे नाही ना ते संगणकावर तपासायचे. सोललेले दाणे निर्जंतुक करून ‘२,४-डी’ असलेल्या माध्यमावर ठेवले की काही आठवड्यांत पिवळसर गाठी, म्हणजे कॅलस, तयार होतात. अॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूकरवी त्यांत कॅस९ आणि मार्गदर्शक पोचवायचे, ज्या पेशींत ते गेले त्या निवडायच्या आणि त्यांतून रोपे उभी करायची.

गाडी अडते ती इथे. इंडिका भाताच्या कितीतरी वाणांचे कॅलस होते पण त्यातून हिरवे रोप येत नाही. म्हणून कोरगुटावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने संपादनाच्या आधी एवढेच तपासावे: माझ्या ओळीच्या शंभर कॅलसांतून किती रोपे येतात? वेगवेगळ्या ओळींत हा आकडा वेगळा येईल, आणि चौथ्या पायरीतल्या नंबर दिलेल्या ओळी इथे कामाला येतील. हे काम लहान आहे, स्वस्त आहे आणि पुढच्या प्रत्येकाला उपयोगी पडते.

रोपे आली की जनुक वाचून बदल झाला का पाहायचे. मग स्वपरागाने बी धरायचे. कॅस९ एकाच ठिकाणी बसले असेल तर पुढच्या पिढीत चारातल्या एका रोपात ते नसते, पण बदल असू शकतो. तेच रोप हवे: बदल राहिला, बाहेरचा डीएनए गेला. पुसा डीएसटीमध्येही हाच मार्ग. त्यात डीएसटी हे जनुक निकामी केले आहे. ते पानांवरच्या रंध्रांवर आणि क्षार-दुष्काळ सोसण्यावर अंकुश ठेवते. कमलामध्ये सायटोकायनिन हे संप्रेरक मोडणारे ‘सीकेएक्स२’ मंदावले, त्यामुळे लोंबीत दाणे वाढले.

८. कायदा आणि मालकी

३० मार्च २०२२ च्या कार्यालयीन ज्ञापनाने केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ज्या संपादित वनस्पतींत बाहेरचा डीएनए उरलेला नाही, त्यांना १९८९ च्या जनुक-बदल नियमांतल्या काही कलमांतून सूट दिली. मात्र बाहेरचा डीएनए नाही हे सिद्ध होईपर्यंत सगळे काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या देखरेखीखाली, बंदिस्त जागेतच करावे लागते. बीटी वांग्यावर २०१० पासून स्थगिती आहे ती वेगळी गोष्ट, त्यात जिवाणूचे जनुक आहे. दोन्ही एकाच पारड्यात घालून भांडण्यात अर्थ नाही.

बियाणे प्रयोगशाळेला देण्याआधी तीन कागद हातात हवेत. पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत तुमच्या ओळींची नोंद. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ खाली शेतकरी वाण म्हणून नोंदणीचा अर्ज. शेतकऱ्यांना त्याचे शुल्क नाही. आणि संस्थेशी लेखी करार, ज्यात बियाण्याचा उगम, लाभवाटप आणि संपादित वाण गटाला कोणत्या अटींवर मिळेल हे स्पष्ट लिहिलेले असेल. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला की सगळे सुरक्षित, असा समज सोडा. खोल्याच्या मिरचीला किंवा मयड्याच्या केळ्याला मिळालेला जीआय नाव राखतो, बियाणे राखत नाही. २००१ च्या कायद्यातले कलम ३९ शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा हक्क देते, फक्त ब्रँड लावून विकायचे नाही. क्रिस्परवर परदेशी संस्थांची पेटंटे आहेत, तेव्हा व्यावसायिक परवान्याचा खर्च कोण उचलणार, हे पहिल्याच बैठकीत विचारा. नंतर विचारायला उशीर होतो.

९. काय मागू नये

तणनाशक सोसणारा भात खाजनासाठी मागू नका. लावणीला माणसे मिळत नाहीत, म्हणून त्याचा मोह होईल. पण खाजनातले पाणी पोंयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्यात, जाते आणि पोंयीत कोळंबी, शेवटे, चोणकूल असतात. मानशीवरच्या मासळीच्या पावणीतून (लिलावातून) गावाला पैसा मिळतो. शिवाय रानभात आणि लावलेला भात यांचा अधूनमधून संकर होतो. तणनाशक सोसण्याचा गुण रानभातात गेला की तणच तणनाशकाला भीक घालणार नाही. बुटकेपणाचा गुण रानभातात गेला तर त्याचे नुकसानच. टिकाऊपणाची परीक्षा माझ्या लेखी अशी साधी आहे: गुण शेजारच्या तणात आणि पाण्यात गेल्यावर काय होईल?

१०. आपल्याच कुणग्यात चाचणी

पुसा डीएसटीने मूळ वाणापेक्षा क्षारपड जमिनींत ९.६६ ते ३०.४ टक्के जास्त उत्पादन दिल्याचे जाहीर झाले. जीएममुक्त भारत आघाडीने चाचण्यांच्याच अहवालांवर बोट ठेवून या दाव्यांना आव्हान दिले, कृषी संशोधन परिषदेने आक्षेप फेटाळले. या वादाचा निकाल आपल्या खाजनापुरता आपण लावू शकतो. पण त्यासाठी ‘अमक्याच्या शेतात चांगले आले’ पुरत नाही.

चार वाण घ्या: तुमची कोरगुट ओळ, गोवा धानपैकी एक, ज्योती आणि जो नवा वाण तपासायचा तो. प्रत्येकाचे ५ बाय २ मीटरचे चार वाफे. कुठला वाण कुठल्या वाफ्यात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण मानशीकडे मीठ जास्त असते आणि आवडता वाण नकळत चांगल्या जागी जातो. चिठ्ठ्या चार वेळा, दर पट्ट्यात वेगळ्या. १० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा हजारावा भाग, म्हणून वाफ्यात जितके किलो तितके हेक्टरी टन. कडेच्या ओळी सोडून कापणी करत असाल तर कापलेले क्षेत्र मोजून तेवढा हिशेब बदला. वजन १४ टक्के ओलाव्यावर आणा. प्रत्येक वाफ्याची वाहकता आणि पाण्याची उंची महिन्यातून दोनदा. आडवी पडलेली झाडे मोजा. शेवटी चारही तांदूळ उकडे करून घरातल्या जुन्या माणसांना नाव न सांगता जेवायला घाला आणि त्यांचे शेरे त्याच वहीत लिहा.

दोन सरद हंगामांची ही वही, नोंदणीच्या अर्जाची प्रत आणि शुद्ध ओळींचे अर्धा-अर्धा किलो बी, एवढे घेऊन एलाच्या संस्थेत किंवा गोवा विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात जा. अर्जात एकच वाक्य ठळक लिहा: कुठल्या ओळीत, कुठला एक गुण, किती प्रमाणात बदलून हवा आणि कुठल्या कुणग्यांसाठी. विभागीय कृषी कार्यालयाला प्रत द्या.